धुळींतलें सोनें

विंचुराच्या शिवारांत सोनें सांपडतें काय, असा प्रश्न कोणीं विचारला तर भूगर्भशास्त्राचा नवखा विद्यार्थीहि हंसेल. निफाड तालुक्याची सारी जमीन लाव्ह्याच्या थरांवर बसलेली आहे. सुमारें ६॥ कोटि वर्षांपूर्वीं वाहून थिजलेला हा काळा कातळ. त्यांत सोनें असलेंच तर तें इतकें विरळ कीं, एक टन दगड कुटला तरी ग्रॅमचे कांहीं सहस्रांश निघावयाचे. त्र्यंबकास उगम पावलेली गोदावरी नाशिक ओलांडून निफाडच्या शिवारांत येते ती याच कातळावरून. तेव्हां तिच्या वाळूंत सुवर्णकण शोधीत बसणें हा वेडेपणाच होय. आणि तरीहि धुळींतून सोनें धुऊन काढण्याची विद्या या प्रांताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्याचे जे जिल्हावार गॅझेटियर तयार झाले, त्यांत झारेकरी व त्यांचेच समव्यवसायी मुसलमान धूळधोये यांचीं नांवें आलीं आहेत. ज्या मुलखाच्या दगडांत सोनें नाहीं तेथें सोनें धुण्याचा धंदा कसा रुजला, व त्या धंद्यांतील लोकांस आपल्या इतिहासांत जागा कां मिळाली नाहीं, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम सोन्याच्या बारीक कणाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. त्यावांचून झारेकऱ्याच्या हाताची किंमत कळावयाची नाहीं. सोनें जड, तें तळाला बसतें, मग धुण्यांत विद्या ती कसली, असें सामान्यतः वाटतें. जाड कणापुरतें हें खरें आहे. सोनें पाण्याच्या १९.३ पट जड, साधी वाळू २.६५ पट. परंतु कण जसजसा बारीक होतो तसतसा त्याचा जडपणा त्याच्या उपयोगीं पडेनासा होतो. अतिसूक्ष्म कणांचा बुडण्याचा वेग त्यांच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणें बदलतो. म्हणून सोन्याचा एक कण आणि त्याच्या सुमारें सवातीनपट व्यासाचा वाळूचा एक खडा हे दोघेहि एकाच वेळीं तळाला पोंचतात. पाण्याला त्यांतला भेद कळत नाहीं. याकरितां धुण्यापूर्वीं चाळणें अवश्य असतें. सारे कण एका मापाचे झाले म्हणजेच जड-हलक्याचा निवाडा पाण्याकडे सोंपवितां येतो. दुसरी अडचण अशी कीं, सोनें मऊ असल्यामुळें नदीच्या दगडगोट्यांखालीं तें फुटत नाहीं, ठोकलें जातें. त्याच्या पापुद्र्यासारख्या टिकल्या होतात. अशी टिकली पाण्यांत पानासारखी हेलकावे खात उतरते. त्यांत तिला तेलकटपणा लागलेला असला तर ती बुडतच नाहीं, पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत निघून जाते. जगांतील अत्यंत जड पदार्थांपैकीं एक पदार्थ पाण्यावर तरंगतो हें ऐकून नवल वाटेल. पण सोनें धुणाराचें अर्धें नुकसान याच वाटेनें होतें. परदेशांतील हौशी सोनेधुणारे हल्लीं थाळींत भांडीं घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकतात, तो याचसाठीं. आपल्याकडील रिठ्याचें पाणी तेंच काम करतें.

कण किती बारीक, याची कल्पना आंकड्यावरून येईल. दशांश मिलिमीटर व्यासाचा गोल कण घेतला तर एका गुंजेला असे सुमारें १२,००० कण लागतात. ९६ गुंजांचा तोळा धरला तर तोळ्याला साडेअकरा लाख. नदींतील पुष्कळसें सोनें याहूनहि बारीक असतें. पीठच म्हणावें असें तें सोनें मैलोगणती पसरलेलें असतें, डोळ्यांना दिसतें, आणि तरीहि हातीं येत नाहीं.

सोन्याच्या सोबतीला नेहमीं काळी वाळू असते. ही वाळू म्हणजे चुंबकी लोहखनिज. पाण्याच्या सुमारें पांचपट जड. काठवट हलवीत हलवीत पांढरी वाळू सांडून दिली म्हणजे तळाशीं ही काळी रेघ उरते व तिच्या कडेला पिंवळी चमक दिसते. विंचुराच्या आसपासच्या ओढ्यांत पहिल्या पावसानंतर वळणावळणावर अशीच काळी रेघ दिसते, कारण आपल्या कातळांत हें लोहखनिज आहेच. सोनें धुणाऱ्या परमुलखांतील माणसानें ती पाहिली तर त्याच्या काळजाचा ठोका चुकेल. येथें सोबती आहे, पण ज्याचा सोबती तो मात्र नाहीं.

खरें नदीचें सोनें मराठी माणसाला भेटलें तें महाराष्ट्राच्या दोन टोकांना. पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यांत, बालाघाट-भंडाऱ्याच्या बाजूस, काळ्या कातळाचें आवरण संपून अतिप्राचीन खडक उघडे पडतात. तेथील ओढ्यांत सोनझरी किंवा सोनझरा नांवाचे लोक सोनें धूत आले. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातींविषयींच्या ग्रंथांत त्यांचें प्रकरण आहे. नागपूर-भंडाऱ्याकडील साकोलीच्या खडकपट्ट्यांत पुढें भूगर्भखात्याला सोन्याचा माग लागला. पण त्या खात्याच्या जन्माआधीं किती तरी पिढ्या सोनझऱ्याची काठवट तेंच सांगत होती. दक्षिणेस धारवाड जिल्ह्यांत गदगजवळील कप्पतगुड्ड डोंगरांतून निघणाऱ्या ओढ्यांत जलगार लोक सोनें धूत. हा भाग त्या वेळीं मुंबई इलाख्यांत असून त्याला लागूनच सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानाचा शिरहट्टी तालुका होता. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञानें १८७४ सालीं या सोन्याचा शोध केला, तेव्हां कोणत्या ओढ्यांत सोनें अधिक व कोणत्यांत कमी हें जाणण्याचें मुख्य साधन त्याला जलगाराच्या धुण्यांतच सांपडलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं विलायती भांडवलाच्या कंपन्या आल्या, खाणी खणल्या गेल्या. त्यांतल्या एकीला ‘सांगली’ हेंच नांव होतें. पहिल्या महायुद्धापूर्वींच तो सारा डोलारा कोसळला. ओढ्यांतला कण खोटा नव्हता. पण कणामागें डोंगरभर सोनें असेलच असें नाहीं, एवढें भागधारकांना उमगावयाला कांहीं वर्षें लागलीं.

कोलारची कथा याच्या उलट आहे. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या सरहद्दीची मोजणी चालू असतां लेफ्टनंट जॉन वॉरन याच्या कानावर तेथील सोन्याच्या गोष्टी आल्या. त्यानें १८०२ सालीं बक्षीस लावलें, तेव्हां खेडूतांनीं माती आणून त्याच्यासमोर धुतली आणि सोनें दाखविलें. त्याच जागीं पुढें १८८० नंतर जॉन टेलर आणि मंडळीनें खोल खाणी चालविल्या, त्या २००१ पर्यंत चालल्या. तेव्हां मोठ्या खाणीचा इतिहास लिहितांना पहिलें पान धुणाऱ्याचें असावयाचें. तें बहुधा एका वाक्यांत उरकलें जातें. वॉरनचें नांव राहिलें, माती धुणाऱ्यांपैकीं कोणाचेंच राहिलें नाहीं.

महाभारतांत सभापर्वामध्यें युधिष्ठिराला आलेल्या नजराण्यांत ‘पिपीलिक’ सोन्याचा उल्लेख आहे; मुंग्यांनीं उकरून काढलेलें तें सोनें द्रोणाच्या मापानें मोजून दिलें होतें असें म्हटलें आहे. हिरोडोटसनेंहि हिंदुस्थानांतील सोनें उकरणाऱ्या मुंग्यांची हकीकत लिहून ठेविली. ती मुंगी कीं उंदरासारखा कोणी प्राणी, यावर विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला त्यांतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: हें सोनें मापानें मोजलें. लगड कोणी मापानें मोजीत नाहीं. धान्यासारखी मोजली जाते ती धूळ.

आतां विंचुराकडे वळूं. येथल्या जमिनीनें सोनें दिलें नाहीं, तें माणसांनीं आणलें. विंचूरकरांचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव दाणी हे पेशवाईंतील नामांकित सरदार. रघुनाथरावांबरोबर ते उत्तरेच्या स्वाऱ्यांत होते, १७५७ सालच्या दिल्लीच्या मोहिमेंत होते, आणि १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतांतून जीव वांचवून परत आलेल्या थोड्या सरदारांपैकीं ते एक. अशा घराण्याच्या गांवीं सोनारांना काम असावयाचेंच. शिवाय उत्तरेस चांदवडला होळकरांची टांकसाळ, व पूर्वेस येवलें. माधवराव पेशव्यांनीं येवलें विठ्ठल शिवदेवांस दिलें होतें. आणि येवलें म्हणजे रेशीम व जर. चांदीच्या पाशावर सोन्याचा पत्रा चढवून तो जंतराच्या उत्तरोत्तर लहान छिद्रांतून ओढीत नेला म्हणजे केंसासारखी तार होते. ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळली म्हणजे जर. पैठणीच्या पदरावर जें सोनें दिसतें तें नदींतल्या पापुद्र्याहूनहि पातळ असतें. या प्रांतांत सोनें आलें तें होनांच्या व मोहरांच्या रूपानें, आणि येथें येऊन तें झिजूं लागलें. कानशीखालीं, ऐरणीवर, जंतरांत, मुशींत, बायकांच्या अंगावर तें अहोरात्र झिजत राहिलें.

सोनाराचें दुकान ही एक नदीच आहे. कानशीचा कीस उडतो, बागेसरींतील राखेंत थेंब गळतो, फुटक्या मुशीच्या अंगाला कण चिकटतात, डागिना उजळण्याच्या रिठ्याच्या पाण्यांत थोडें जातें, सोनाराच्या धोतरावर, चटईवर, केंसांत थोडें राहतें. जुन्या पद्धतीचा सोनार आपलें दुकान दुसऱ्याला झाडूं देत नसे, त्याचें कारण हें. कौटिल्याला याची पूर्ण जाणीव होती. अर्थशास्त्रांत सोनाराच्या चोरीच्या जागांची जी यादी आहे, तींत वस्त्र, डोकें, मांडी यांबरोबर पाण्याची परळ व विस्तवाची शेगडीहि आहे. इतकेंच नव्हे तर माशी हांकलण्याचें निमित्तसुद्धां आहे! याच ग्रंथांत तापविलेल्या सोन्यावर एका सुवर्णामागें एक काकणी, म्हणजे चौसष्टावा भाग, घट मान्य केली आहे. कौटिल्याला धुळीची चोरी दिसली. धुळीचा धंदाहि त्याच्या नजरेंतून सुटला नाहीं.

आणि येथेंच पैशाचा खरा प्रश्न आहे. घट गिऱ्हाइकाच्या नांवें पडते. शेतकऱ्याच्या बायकोच्या पुतळ्या मोडून सरी केली तर वजनांत जें कमी येईल तें तिचें गेलें. परंतु तें नाहींसें झालेलें नसतें. तें दुकानाच्या केरांत असतें. सोनार तो केर व राख वर्षासहामाहीं झारेकऱ्याला मक्त्यानें विकतो. म्हणजे एकाच सोन्याचे पैसे सोनाराला दोनदां मिळाले. सोनारावर मी हा चोरीचा आरोप करीत नाहीं. घट ही खरोखरीच होते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा केर निराळा ठेवणें कोणालाहि शक्य नाहीं. पण या व्यवहारांत गिऱ्हाईक हरलें, सोनार सुरक्षित राहिला, आणि सारा धोका झारेकऱ्याच्या अंगावर आला. केर विकत घेतांना त्यांत किती सोनें आहे हें त्याला दिसत नसे. मूठभर राख बोटांत चोळून, दुकानांत कोणत्या प्रकारचें काम होतें हें पाहून, लग्नसराई कशी गेली याचा अदमास घेऊन तो बोली करी. चुकला तर महिन्याची मेहनत पाण्यांत, आणि तीहि अक्षरशः.

त्याची रीत अशी. मुशीचे तुकडे व राखेचे गोळे कुटावयाचे, बारीक चाळणींतून चाळावयाचे, मग ओढ्याच्या किंवा डोहाच्या कांठीं बसून काठवटींत थोडथोडें घेऊन पाण्याबरोबर फिरवावयाचें. मनगटाचा झोका असा कीं, हलकें तें कांठावरून सांडावें व जड तें मध्यभागीं गोळा व्हावें. झोका जरा जोराचा झाला कीं बारीक सोनें गेलें. जरा मंद झाला कीं राख निघतच नाहीं. शेवटीं जो काळसर गाळ उरे त्यांत पारा घालून तो चोळीत. पारा सोन्याला गिळतो, राखेला गिळत नाहीं. जाड फडक्यांतून पिळून अधिकचा पारा काढून घेतला म्हणजे लोण्यासारखा गोळा राहतो. तो तापविला कीं पारा उडून जातो व मागें स्पंजासारखें सोनें उरतें. टाकणखार घालून तें आटविलें म्हणजे लगड तयार. आपल्या पुस्तकांतून या लोकांचा उल्लेख येतो तो भटक्या, दरिद्री, गटारें चिवडणाऱ्या लोकांच्या यादींत येतो. वर सांगितलेली क्रिया ज्याला बिनचूक येते तो धातुशास्त्री नव्हे काय? प्रयोगशाळेंत बसून करणाराला आपण तसें म्हणतों. ओढ्याकांठीं उकिडवें बसून करणाराला म्हणत नाहीं.

ही पाऱ्याची युक्ति केवळ आपलीच नव्हे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत लिहून ठेविलें आहे कीं, सोन्याची तार विणलेलें वस्त्र जीर्ण झालें म्हणजे तें मातीच्या भांड्यांत जाळावें, राख पाण्यांत टाकून तींत पारा घालावा, आणि पारा फडक्यांतून पिळावा. शुद्ध सोनें मागें राहतें. हें वाचतांना मला येवल्याची आठवण झाली. जुन्या पैठण्या व शालू असेच जाळले गेले आहेत. दारावर जुनी जर घेणारा यावयाचा, आजीच्या लग्नांतला फाटका शालू पेटींतून निघावयाचा, पदर कापून तोलला जावयाचा. घरच्या माणसांना चार पैसे मिळत, जरवाल्याला चांदी व थोडें सोनें मिळे. आणि एका विणकराच्या कित्येक महिन्यांचें काम, त्यांतल्या मोरांसह व कोयऱ्यांसह, राख होई. सोनें वांचविण्याची विद्या ही अशी दुधारी आहे. जो पारा गटारांतलें सोनें परत आणतो तोच कपाटांतलें वस्त्र नष्ट करण्यास उद्युक्त करतो. अठराव्या शतकांतील पैठण्या आज इतक्या थोड्या कां आढळतात याचें एक कारण कसर असेल, पण दुसरें कारण त्यांतलें खरें सोनें हेंच आहे. खोट्या जरीची असती तर कोणीं जाळली असती?

मीं वर म्हटलें कीं गोदावरींत सोनें नाहीं. त्याला एक अपवाद सांगितला पाहिजे. नाशकास रामकुंडांत अस्थिविसर्जनासाठीं साऱ्या महाराष्ट्रांतून लोक येतात. मृताच्या मुखांत सोन्याचा कण ठेवण्याची चाल आहे. चितेंतून तो राखेंत जातो व राखेबरोबर नदींत. अंगावरचा एखादा मणी, नथींतला तुकडा, हेंहि तसेंच जातें. डोंगरानें न दिलेलें सोनें गोदावरीला असें मृतांनीं दिलें आहे. नदीच्या पात्रांत कमरेइतक्या पाण्यांत उभें राहून, टोपलींत वाळू घेऊन ती हलविणारीं माणसें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना तीं केवळ नाणीं शोधीत आहेत असें वाटलें असेल. नाणें जड व मोठें. त्याला हाताची नजर लागत नाहीं. ती लागते कणाला. पुराच्या पाण्याबरोबर जे पापुद्रे पुढें गेले असतील ते निफाड तालुक्यांतच नांदूर-मध्यमेश्वराच्या बंधाऱ्यामागील गाळांत विसावले असावेत, अशी माझी कल्पना आहे. तेथें आज पक्षी उतरतात, आणि २०२० सालीं त्या पाणथळ जागेला रामसर यादींत स्थान मिळालें. गाळाखालीं काय आहे याची चौकशी पक्षी करीत नाहींत.

पाऱ्याविषयीं आणखी दोन शब्द लिहिल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. गोळा तापवितांना जो पारा उडतो तो अदृश्य असतो, आणि तो श्वासाबरोबर आंत जातो. हात कांपूं लागतात, हिरड्या सुजतात, स्मृति जाते. झारेकऱ्याच्या घरांत चूल व पाऱ्याची शेगडी एकाच छपराखालीं असे, आणि बायकापोरें जवळ बसलेलीं असत. या रोगाला त्यांच्या दारिद्र्याचें नांव मिळालें, पाऱ्याचें मिळालें नाहीं. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीं मिनामाता नांवाचा करार २०१३ सालीं झाला व २०१७ सालीं अमलांत आला. जगांत हवेंत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वांटा आजहि अशा हातधंद्याच्या सोन्याचाच आहे. फिलिपाइन्समधील बेंग्वेट प्रांतांतले कारागीर पाऱ्यावांचून, केवळ धुऊन व टाकणखार घालून आटवून, सोनें काढतात. त्याला मनगटाचा झोका अधिक बिनचूक लागतो, एवढेंच. म्हणजे पारा हा कसबाचा पर्याय म्हणून आला होता.

मोठ्या शहरांतील दुकानांतून आतां धूळ ओढून घेणारीं यंत्रें बसलीं आहेत. हात धुण्याच्या पाण्यासाठीं टांकी असते, तिच्या तळाचा गाळ थेट शुद्धीकरणाच्या कारखान्यांत जातो, व त्याचा हिशोब मालकाला ग्रॅमच्या दशांशापर्यंत कळतो. केर मक्त्यानें देण्याची रीत त्यामुळें आटत चालली आहे. तरी नाशकांतील सराफ बाजारांत, किंवा कोल्हापुरास गुजरींत, दुकानें उघडण्यापूर्वीं गेलें तर कुंचला व सूप घेऊन गटाराच्या कडेनें सरकणारीं माणसें अजूनहि दिसतात. दगडी फरशीच्या सांध्यांतून तीं कुंचल्यानें माती ओढून घेतात, सुपांत भरतात, आणि दुकानाची फळी उघडण्याचा आवाज झाला कीं पुढच्या गल्लींत जातात. एका सकाळीं त्यांपैकीं एका बाईला मीं विचारलें कीं एवढ्यांत काय निघतें. तिनें सूप तिरपें केलें, तोंडानें हलकेंच फुंकर घातली, आणि म्हणाली, “धुतल्यावर कळंल.”